दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबईपासून नागपूर किती दूर आहे, या साध्या प्रश्नाची किमान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. लोहमार्गाने मुंबई सीएसएमटी ते नागपूर हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे आणि तो मुंबईत न येता ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावापाशीच संपतो. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर मात्र सुमारे ६८३ किलोमीटर भरते. वेळेचा हिशेब याहून अवघड आहे. विमान प्रत्यक्ष हवेत तासाभराहून थोडे अधिक असते, तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ छापलेला असतो आणि ठाण्यातल्या घरातून निघून सीताबर्डीला पोहोचेपर्यंत पाच तास उलटलेले असतात.

विमानतळांची नावे टाकताच अंतर आणि वेळ सांगणारे गणक इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांनी दिलेले अंतर बहुधा ठीक असते. वेळेच्या बाबतीत मात्र काही गणक अंतराला ठरावीक वेगाने भागतात, फार तर वर अर्धा तास मिळवतात आणि तोच आकडा ‘उड्डाणाचा कालावधी’ म्हणून दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून पुढची गाडी ठरवणाऱ्याची फजिती होऊ शकते. हा सगळा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीवर आणि थोड्या व्यवहारज्ञानावर स्वतः करता येतो. तो कसा करायचा, हे मुंबई–नागपूर आणि मुंबई–लंडन या दोन मार्गांच्या आधारे पुढे मांडले आहे.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ निश्चित करणे

अंतर दोन शहरांमधले नसून दोन विमानतळांमधले काढायचे आहे, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी चुका इथूनच सुरू होतात. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. त्यांच्यातले सरळ अंतर चाळीस किलोमीटर आहे आणि रस्त्याने ते बरेच अधिक होते. लंडनच्या नावावर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे अनेक विमानतळ मोडतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही प्रवासी विमाने उडू लागल्यामुळे ‘मुंबईहून’ एवढे सांगणे आता पुरेसे राहिलेले नाही. डोंबिवलीच्या आणि बोरिवलीच्या माणसासाठी या दोन विमानतळांमधला फरक प्रत्यक्ष प्रवासात तास-दीड तासाचा होऊ शकतो, मग हवेतले अंतर जवळजवळ तेच का असेना.

यावर उपाय म्हणजे विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहणे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आहे आणि त्यात शहराचे जुने नाव अजून शिल्लक आहे. नागपूरचा संकेत ‘एनएजी’, हीथ्रोचा ‘एलएचआर’, दाबोळीचा ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’ आहे. तिकिटावर हाच संकेत छापलेला असतो, म्हणून हिशेबासाठीही तोच प्रमाण मानावा.

दुसरी पायरी: अक्षांश आणि रेखांश मिळवणे

प्रत्येक विमानतळाला एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवून दिलेला असतो आणि तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळ असतो. भारतातील विमानतळांचे असे बिंदू भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहिती-पुस्तिकेत दिलेले असतात. आपल्या कामापुरता कोणत्याही ऑनलाइन नकाशावर धावपट्टीच्या मध्यावर बोट ठेवून मिळालेला आकडाही पुरतो.

अधिकृत पुस्तिकेत हे आकडे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा रूपात असतात, तर हिशेबाला दशांश रूप लागते. त्यासाठी मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवावे. उदाहरणार्थ १९ अंश ५ मिनिटे २० सेकंद म्हणजे १९ + ०.०८३३ + ०.००५६, अर्थात १९.०८८९ अंश होतात. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन मानावेत, दक्षिण आणि पश्चिम ऋण मानावेत. भारतात सगळेच आकडे धन असल्यामुळे ही खूण विसरली तरी चालून जाते. हीथ्रो मात्र ग्रीनिचच्या किंचित पश्चिमेला आहे, तेथे ऋण चिन्ह गळले की उत्तर चुकते.

पुढील हिशेबासाठी आपण दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे घेऊ. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व; हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दुसऱ्या दशांश स्थळातला एकचा फरक म्हणजे जमिनीवर फार तर १.१ किलोमीटर, त्यामुळे याहून सूक्ष्म आकड्यांचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: जवळच्या मार्गाचे अंतर

हजारभर किलोमीटरपर्यंतच्या मार्गासाठी पृथ्वी सपाट मानून पायथागोरसचा सिद्धांत वापरला तरी चूक नगण्य राहते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सर्वत्र सुमारे १११.२ किलोमीटर असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखडत जातो, म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या मध्य अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते.

मुंबई आणि नागपूर यांच्या अक्षांशांतील फरक २.०० अंश आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर २२२.४ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ६.१८ अंश आहे. मध्य अक्षांश २०.०९ असून त्याचा कोसाइन ०.९३९२ येतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ६.१८ × १११.२ × ०.९३९२, म्हणजे सुमारे ६४५.४ किलोमीटर होते. या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ६८२.६ मिळतात. नागपूर मुंबईच्या किती ‘वर’ आहे असे आपण सहज म्हणतो, पण या प्रवासातली खरी वाटचाल उत्तरेकडे फारशी नसून पूर्वेकडे आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसते. वाऱ्याचा विचार करताना याचा उपयोग होणार आहे.

याच रीतीने मुंबई–दिल्ली काढून पाहावे. उत्तर ११३७ किलोमीटरच्या आसपास आले, तर पद्धत हाताला बसली असे समजावे. दिल्ली विमानतळाचे अक्षांश-रेखांश २८.५६ आणि ७७.१० आहेत.

चौथी पायरी: दूरच्या मार्गाचे अंतर

मुंबई–लंडनसाठी वरील रीत चालत नाही, कारण एवढ्या अंतरावर पृथ्वीचा गोलपणा दुर्लक्षित करता येत नाही. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने तिचे दोन समान भाग केले असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, ते बृहद्वृत्त. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप या वर्तुळावर बसतो. घरात शाळकरी मूल आणि पृथ्वीगोल असेल, तर हा प्रयोग अवश्य करावा.

सूत्र असे आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे, या दोहोंची बेरीज म्हणजे केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन.

रेखांशांतील फरक ७२.८७ अधिक ०.४५ म्हणजे ७३.३२ अंश आहे. इथे वजाबाकी न होता बेरीज होते, कारण हीथ्रो शून्य रेखांशाच्या पलीकडे आहे. साइनचा गुणाकार ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९. कोसाइनचा गुणाकार ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६८९. बेरीज ०.४२४८. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन ६४.८६ अंशांचा. त्याला १११.१९ ने गुणले की ७२१२ किलोमीटर येतात. हा १११.१९ आकडा ६३७१ किलोमीटर या पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येवरून आलेला आहे. वैमानिकांना लागणारे सागरी मैल हवे असतील, तर काम आणखी सोपे होते: एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ६४.८६ × ६० = ३८९२ सागरी मैल.

संगणकावरील तक्त्यात हे सूत्र घालताना साइन आणि कोसाइन ही फलने कोन अंशांत न घेता रेडियन या दुसऱ्या एककात घेतात (१८० अंश म्हणजे π रेडियन), हे लक्षात ठेवावे. अंश तसेच टाकले तर उत्तर येते, पण ते अर्थहीन असते, आणि संगणक त्याबद्दल तक्रार करत नाही. तसेच बिंदू फार जवळ असतील तर या सूत्रात कोसाइन एकच्या अगदी निकट जातो आणि मोजकीच दशांश स्थळे घेतल्यास चूक वाढते. अशा वेळी हॅवरसाइन नावाचे सूत्र वापरतात, किंवा सरळ तिसऱ्या पायरीची रीत वापरावी.

पृथ्वी तंतोतंत गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आहे, तर ध्रुवाशी ६३५७. त्यामुळे गोल मानून काढलेल्या अंतरात फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. दोन गणकांनी एकाच मार्गासाठी पाच-दहा किलोमीटरने वेगळे आकडे दाखवले तर त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि प्रवाशाने त्यावर वेळ घालवू नये.

भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे होणारा गैरसमज मात्र दूर करायला हवा. जगाच्या प्रचलित नकाशांपैकी पुष्कळ नकाशे मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये आखलेल्या पद्धतीवर आधारलेले आहेत. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेषा ओढली, तर ती उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ६१ अंश कललेली दिसते. ती धरून, दिशा न बदलता गेले तर सुमारे ७४०० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताचा मार्ग मुंबईहून निघताना उत्तरेपासून केवळ ४१ अंश पश्चिमेकडे असतो, म्हणजे जवळजवळ वायव्येला तोंड करून निघतो, आणि जवळपास १९० किलोमीटर वाचवतो. विमानातल्या पडद्यावर दिसणारी कमान वळणाची वाटत असली तरी गोलावर तीच सरळ वाट आहे.

पाचवी पायरी: कागदावरच्या रेषेवरून प्रत्यक्ष मार्गावर

काढलेले अंतर ही किमान मर्यादा आहे. विमान तेवढ्यात कधीच पोहोचत नाही.

मुंबईचेच पाहू. विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उडतात आणि मुंबईत वारा बहुतांश काळ समुद्राकडून येत असल्याने उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून होते. नागपूरला पूर्वेकडे जायचे असले तरी विमान आधी अरबी समुद्रावर जाते आणि मग वळून पुन्हा महाराष्ट्रात शिरते. पुढे ते आखून दिलेल्या हवाई मार्गांवरून जाते, लष्करी क्षेत्रे टाळते, पावसाळ्यात ढगांना वळसा घालते आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा फेरा मारते. परतीच्या प्रवासात मुंबईवर गर्दी असेल, तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. देशांतर्गत मार्गासाठी सरळ अंतरात सात-आठ टक्के वाढ धरणे मला योग्य वाटते. मार्ग जितका छोटा तितके हे प्रमाण जास्त धरावे, कारण चढण्या-उतरण्याचा फेरा अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही. या हिशेबाने नागपूरचे ६८३ किलोमीटर सुमारे ७३५ होतात.

लांबच्या मार्गावर भूगोलाबरोबर राजकारणही येते. मुंबई–लंडन बृहद्वृत्ताचा मध्यबिंदू सुमारे ४१ अंश उत्तर आणि ४५ अंश पूर्व येथे, म्हणजे जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला पडतो. त्याआधी ही रेषा पाकिस्तान आणि इराण यांवरून जाते, पुढे काळा समुद्र ओलांडून युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले हवाई क्षेत्र बंद केले आणि भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. म्हणजे सर्वांत जवळची वाट कागदावरच उरली.

तरीही मुंबईकरांचे नशीब दिल्लीकरांपेक्षा बरे. समजा विमान मस्कत, बगदाद आणि इस्तंबूल यांवरून नेले, तर चारही टप्प्यांची बेरीज ७४४० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे सरळ अंतरापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. नकाशावर एवढा मोठा दिसणारा वळसा प्रत्यक्षात इतका स्वस्त का पडतो, याचे उत्तर भूमितीत आहे: लांब रेषेपासून मध्यावर थोडे बाजूला सरकल्याने एकूण लांबी फारशी वाढत नाही. चढ-उताराचे फेरे धरून मुंबई–लंडनसाठी पाच टक्के, म्हणजे एकूण सुमारे ७६०० किलोमीटर, धरावेत.

सहावी पायरी: वेग आणि वारा

वेगासाठी विमानाचा प्रकार पाहावा, जो तिकीट काढतानाच दाखवलेला असतो. देशांतर्गत मार्गांवरची एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ही विमाने ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. लांब पल्ल्याची बोइंग ७७७ किंवा ७८७ ताशी ९०० च्या आसपास जातात. लहान विमानतळांवर येणारे पंख्याचे एटीआर ७२ मात्र ताशी सुमारे ५०० किलोमीटरच गाठते, त्यामुळे एकाच मार्गावरच्या दोन विमानांच्या वेळांत अर्ध्या तासाची तफावत दिसली तर आधी विमानाचा प्रकार तपासावा.

हा वेग स्थिर हवेतला आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा जोरदार प्रवाह असतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरही असू शकतो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर वरच्या थरांत उलट, पूर्वेकडून वारे वाहतात. मुंबई–नागपूर मार्ग पूर्व-पश्चिम असल्याचे आपण पाहिलेच आहे. म्हणून डिसेंबरात नागपूरला जाताना काही मिनिटे वाचतात आणि परतताना ती भरावी लागतात. लंडनच्या मार्गावर वर्षभर सरासरी ताशी ६० किलोमीटर पश्चिमी वारा धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग ८४० आणि येताना ९६० होतो. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ खाल्ला तेवढा तो येताना परत देत नाही, कारण संथ वेगात घालवलेला वेळ मुळातच जास्त असतो.

सातवी पायरी: ब्लॉक टाइम

वेळापत्रकातला कालावधी हा धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला टेकेपर्यंतचा नसतो. चाकांचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तेव्हा घड्याळ सुरू होते आणि ते इच्छित विमानतळावर जागेवर येऊन थांबते तेव्हा बंद होते. याला हवाई क्षेत्रात ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावरची ‘सुटण्याची वेळ’ ही जागेवरून हलण्याची वेळ असते. उड्डाण त्यानंतर दहा-वीस मिनिटांनी होते.

नागपूरचा हिशेब पूर्ण करू. ७३५ किलोमीटरला ताशी ८३० ने ५३ मिनिटे लागतात. पण विमान पूर्ण वेगाने सबंध अंतर कापत नाही. दहा हजार फुटांखाली वेग सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, एवढा मर्यादित असतो. म्हणून चढण्या-उतरण्यासाठी सरसकट १५ मिनिटे मिळवावीत. हवेतला वेळ झाला एक तास आठ मिनिटे. मुंबईत धावपट्टीपर्यंत जाऊन रांगेत थांबण्याची १५ ते २० मिनिटे आणि नागपुरात उतरल्यानंतरची पाच मिनिटे धरली की ब्लॉक टाइम दीड तासाच्या आसपास येतो. वेळापत्रकात यापेक्षा दहा मिनिटे जास्त दिसली तर नवल वाटू देऊ नये. कंपन्या हातचा राखून वेळ लावतात, त्यामुळे विमान वेळेआधी पोहोचल्याची घोषणाही ऐकायला मिळते.

लंडनचे गणित याच क्रमाने होते. जाताना ७६०० भागिले ८४० म्हणजे नऊ तास तीन मिनिटे. त्यात चढ-उताराची १५ आणि दोन्हीकडच्या जमिनीवरची ३० मिनिटे मिळवून सुमारे नऊ तास पन्नास मिनिटे. येताना ७६०० भागिले ९६० म्हणजे सात तास पंचावन्न मिनिटे आणि वरची पाऊण तासाची भर, एकूण आठ तास चाळीस मिनिटे. थेट विमानांची वेळापत्रके जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास आणि येताना नऊ तासांच्या आसपास दाखवतात, म्हणजे आपला अंदाज जवळ बसतो.

आठवी पायरी: वेळापत्रकातून कालावधी काढणे

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असते, म्हणून भारताशी फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा राहतो. अमेरिकेत घड्याळे बदलण्याच्या तारखा ब्रिटनपेक्षा वेगळ्या असल्यामुळे तिथल्या प्रवासासाठी त्या स्वतंत्रपणे पाहाव्यात.

नियम एकच: दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणाव्यात आणि मग वजाबाकी करावी. जानेवारीत मुंबईहून दुपारी १३:३० ला निघालेले विमान लंडनला १८:०० वाजता पोहोचते असे समजू. १८:०० मध्ये साडेपाच तास मिळवले की २३:३०, म्हणून कालावधी दहा तास. साडेचार तासांचा प्रवास झाला, असे कुणी म्हणाले तर ते केवळ घड्याळाच्या काट्यांबद्दल खरे आहे. उलट प्रवासात २१:०० ला लंडन सोडले तेव्हा भारतात मध्यरात्रीनंतरचे २:३० झालेले असतात. सकाळी ११:३० ला मुंबईत उतरलात तर नऊ तास लागले.

मध्यरात्रीच्या विमानांबाबत विशेष सावध राहावे, कारण आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी पुष्कळ विमाने मुंबईहून रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० वेळ असेल, तर घरून १४ तारखेच्या रात्री आठ-नऊलाच निघावे लागते. आमच्या नात्यातले एक सुशिक्षित गृहस्थ १५ तारखेच्या रात्री जेवणखाण उरकून विमानतळावर पोहोचले, तोवर त्यांचे विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास होत आले होते. पंचांगात सूर्योदयापासून दिवस मोजण्याची सवय मनात असते, तिकिटावरची तारीख मात्र रात्री बाराला बदलते.

नववी पायरी: मध्ये थांबा असेल तर

मुंबई–दुबई सुमारे १९३० किलोमीटर आणि दुबई–लंडन सुमारे ५५०० किलोमीटर आहे. बेरीज ७४३० म्हणजे थेट अंतरापेक्षा तीन टक्के जास्त. अंतरावरून वाटेल की काहीच बिघडत नाही, पण एक जादा चढ-उतार, जमिनीवरची दुसरी रांग आणि दुबईतला दोन-तीन तासांचा मुक्काम मिळून प्रवास तीन-चार तासांनी लांबतो. म्हणून थांब्याच्या प्रवासात अंतराची तुलना करू नये, एकूण तासांची करावी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर नसतील, तर सामान पुन्हा ताब्यात घेऊन पुन्हा सोपवण्याचा वेळ स्वतः धरावा, आणि पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर नसते, हेही ध्यानात ठेवावे.

दहावी पायरी: दारापासून दारापर्यंत

देशांतर्गत प्रवासात सामान स्वीकारण्याची खिडकी सहसा सुटण्याच्या वेळेआधी एक तास आणि विमानाचे दार २० ते २५ मिनिटे आधी बंद होते. त्यामुळे ठाणे–नागपूर प्रवासाचा ताळेबंद असा मांडता येतो: घरून विमानतळ एक तास, तेथे पावणेदोन तास आधी पोहोचणे, दीड तास ब्लॉक टाइम, उतरून सामान घेईपर्यंत २५ मिनिटे आणि सोनेगावच्या विमानतळावरून सीताबर्डीला २५ मिनिटे. एकूण पाच तास पाच मिनिटे झाली. हवेत ताशी ८३० किलोमीटर धावणारे विमान या हिशेबात ताशी १३४ किलोमीटरचे ठरते. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० आहे आणि मुंबई–नागपूर प्रवास आठ तासांत होतो असे सरकार सांगते, म्हणजे विमानाची आघाडी तीन तासांची आहे. घरातली चार माणसे आणि लग्नाचे सामान असेल तर हे तीन तास विकत घ्यावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. मुंबई–दिल्लीच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही.

या आकड्यांवर पैसे अवलंबून असतात तेव्हा

भारतात कंपनीने पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले आणि कारण तिच्या आवाक्यातले असेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाईची पातळी ब्लॉक टाइमवर ठरवलेली आहे. एक तासापर्यंत ५००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७५०० आणि दोन तासांपेक्षा जास्त असल्यास १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. मुंबई–नागपूर त्यामुळे मधल्या पातळीत बसते. दावा करताना हवेतला तास-सव्वातास सांगण्याऐवजी वेळापत्रकातला पूर्ण कालावधी लिहावा, कारण एक किंवा दोन तासांच्या अगदी जवळ बसणाऱ्या मार्गांवर पाच मिनिटांनीही पातळी बदलते.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हीच भरपाई वेळेऐवजी अंतरावर ठरते. १५०० आणि ३५०० किलोमीटर या तिथल्या सीमा आहेत, आणि अंतर बृहद्वृत्ताच्या रीतीने मोजावे असे युरोपीय नियमातच लिहिलेले आहे. विमान प्रत्यक्षात कुठून फिरून आले, याला तेथे महत्त्व नाही. थांब्याच्या प्रवासातही टप्प्यांची बेरीज न करता पहिल्या आणि शेवटच्या विमानतळांमधले थेट अंतरच धरावे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. लंडनहून मुंबईला निघालेल्या विमानासाठी चौथ्या पायरीत काढलेले ७२१२ किलोमीटर अर्जात लिहिता येतात, आणि ते सर्वांत वरच्या पातळीत मोडतात.